उंटावरून शेळ्या हाकायच्या आहेत: मॉनिटर नसलेल्या लिनक्स सर्व्हरवरचं ग्राफिकल अ‍ॅप घरबसल्या कसं चालवावं?

मये_तळे | सोमवार, रात्री ९:४८

मंडळी, एक अडचण आहे, जाणकारांनी वाट दाखवावी.

डिचोलीतल्या एका वाचनालयातली जुनी मराठी नियतकालिकं स्कॅन करायचं काम आम्ही काही जणांनी हौसेनं अंगावर घेतलंय. दिवसा तिथं दोघी ताई स्कॅनरवर पानं टाकतात आणि फायली कोपऱ्यातल्या एका डेस्कटॉपवर जमा होतात. त्यावर उबुंटू सर्व्हर २४.०४ आहे, रॅम १६ जीबी. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस यातलं काही नाही. मॉनिटर होता, तो आता वर्गणीच्या टेबलावर गेलाय.

मी राहतो मडगावला, म्हणजे मधे मांडवी आणि झुआरी दोन्ही. उठसूट जाणं होत नाही. पानं सरळ करणं, कडा कापणं, डाग काढणं हे स्कॅनटेलर या स्कॅन साफ करायच्या अ‍ॅपमध्ये डोळ्यांनी बघूनच करावं लागतं. फायली इकडे उतरवून घ्याव्यात म्हटलं, तर ६०० डीपीआयचं ए४ आकाराचं एक ग्रे पान म्हणजे जवळपास साडेतीन कोटी पिक्सेल, न दाबलेली टिफ ३५ एमबीच्या घरात. शंभर पानांचा अंक साडेतीन जीबी. काम करून तेवढंच परत वर चढवायचं. वाचनालयाच्या लाईनचं अपलोड १० एमबीपीएस, त्यामुळे एक अंक उतरायला पाऊण तास सहज जातो.

एसएसएचनं (दूरच्या मशीनची कमांड लाईन कूटबद्ध वाटेनं उघडणारं साधन) आत शिरता येतं. पण तिथं स्कॅनटेलर सुरू केलं की ‘कुड नॉट कनेक्ट टू डिस्प्ले’ म्हणून गप्प बसतं. एक मित्र म्हणतो सर्व्हरवर अख्खं गनोम डेस्कटॉप (खिडक्या, मेन्यू सगळं असलेलं ग्राफिकल वातावरण) घाल. खरंच घालावं लागेल का? माझ्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट आहे.

टर्मिनलभाऊ | सोमवार, रात्री १०:१५

गनोम अजिबात घालू नका. सर्व्हरला पडदा नाही तर नसू दे, पडदा तुमच्या मांडीवर आहे.

एक्स विंडो सिस्टिम १९८४ साली एमआयटीत सुरू झाली आणि आपण वापरतो तो एक्स११ प्रोटोकॉल १९८७ चा. प्रोग्रॅम एका मशीनवर आणि पडदा दुसऱ्या, हे त्यात पहिल्यापासून गृहीत आहे. ज्याला ‘एक्स सर्व्हर’ म्हणतात तो पडदा, कीबोर्ड आणि माऊस सांभाळतो, म्हणजे तो तुमच्या मडगावच्या लॅपटॉपवर आधीच चालू आहे. डिचोलीतलं स्कॅनटेलर हा त्याचा क्लायंट. नावं उलटी वाटतात, पण एकदा हे डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. सर्व्हरवर फक्त अ‍ॅप, त्याच्या लायब्ररी आणि ‘एक्सऑथ’ नावाचं, पडद्याची परवानगी सांभाळणारं छोटं पॅकेज पुरे.

लॅपटॉपवरून एसएसएच करताना ‘-वाय’ जोडा, कॅपिटल वाय. आत गेल्यावर डिस्प्ले हे व्हेरिएबल ‘एको’ करून बघा. ‘लोकलहोस्ट:१०.०’ असं काही दिसलं तर बोगदा तयार आहे. एसएसएच सर्व्हरच्या ६०१० पोर्टवर कान लावून बसतो, अ‍ॅपला वाटतं पडदा तिथंच आहे, आणि तो सगळा मजकूर कूटबद्ध होऊन तुमच्याकडे येतो. ते व्हेरिएबल स्वतःच्या हातानं भरू नका. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत ‘एक्सपोर्ट डिस्प्ले’ आणि ‘एक्सहोस्ट प्लस’ असं सर्रास सांगितलेलं असतं. पहिल्यानं एसएसएचनं मांडलेलं मोडतं, दुसऱ्यानं दार सताड उघडं राहतं.

मये_तळे | सोमवार, रात्री १०:५१

भाऊ, व्हेरिएबल रिकामंच येतंय. आत शिरताना वर एक ओळ येते: ‘एक्स११ फॉरवर्डिंग रिक्वेस्ट फेल्ड ऑन चॅनेल ०’.

टर्मिनलभाऊ | सोमवार, रात्री ११:०४

मग घोडं सर्व्हरवरच अडलंय. क्रमानं बघा.

एक, ‘विच एक्सऑथ’. काही आलं नाही तर ते पॅकेज टाका. किमान इन्स्टॉल केलेल्या सर्व्हरवर दहातल्या नऊ वेळा हेच निघतं. दोन, ‘सुडो एसएसएचडी -टी’, इथला टी कॅपिटल. त्यात एक्स११फॉरवर्डिंगपुढे येस हवं. उबुंटूत ते मुळातच येस असतं, पण कुणी सुरक्षेच्या नावाखाली बंद केलेलं असू शकतं. तीन, मशीनवर आयपीव्ही६ बंद केलंय का? तसं असेल तर एसएसएचडी_कॉन्फिगमध्ये ॲड्रेसफॅमिली ‘आयनेट’ करा आणि सेवा पुन्हा सुरू करा. या तिसऱ्याचा त्रास कमी जणांना होतो, पण ज्यांना होतो ते रात्र काढतात.

एवढं करूनही हाच संदेश आला तर होम फोल्डरची डिस्क भरलीय का ते बघा. पडद्याच्या परवानगीची खूण, म्हणजे कुकी, ‘.एक्सऑथॉरिटी’ फायलीत लिहिली जाते. लिहायला जागाच नसेल तर पुढचं सगळं खुंटलं.

मये_तळे | मंगळवार, सकाळी ७:३०

एक्सऑथच नव्हतं. टाकलं आणि स्कॅनटेलर उघडलं! देव बरें करूं.

पण चालतंय कसं ते ऐका. पान निवडलं की आधी पांढरी चौकट येते, मग वरून खाली पट्टे उतरत जातात. कापायची रेघ माऊसनं ओढायला घ्यावी तर रेघ जागेवर आणि बाण कुठल्या कुठे. थांबलो की मघाच्या सगळ्या हालचाली एकामागून एक होतात. ‘-सी’नं दाबून पाठवून बघितलं, फरक नावाला.

शून्य_मॉनिटर | मंगळवार, सकाळी ८:१२

त्यात एसएसएचचा दोष नाही. पूर्वीची अ‍ॅपं ‘इथे रेघ मार, तिथे हे अक्षर काढ’ अशा छोट्या सूचना पाठवायची. आताची टूलकिटं (खिडक्या-बटणं बनवायचे तयार संच) बहुतेक सगळं चित्र स्वतः रंगवून तयार पिक्सेल पाठवतात. स्कॅनटेलर क्यूटी नावाच्या टूलकिटवर आहे, म्हणजे त्याच जातीचं. १६०० बाय ९०० ची खिडकी, दर पिक्सेलला ४ बाइट: एका चित्राला ५.७६ एमबी, म्हणजे ४६ मेगाबिट. तुमचं अपलोड १०. एक पान पूर्ण रंगायला साडेचार सेकंद. आणि मोजायचं ते वाचनालयाचं अपलोड, तुमचं डाऊनलोड नव्हे, हे बरेच जण विसरतात.

‘-सी’ हे झिपसारखं दाबणं. कोरी मेन्यूपट्टी त्यात छान दबते, पिवळ्या कागदाचा खरखरीत पोत दबत नाही.

वर उशीर वेगळाच. एक्सचे कितीतरी प्रश्न ‘विचारलं, उत्तराची वाट बघितली, मग पुढचा विचारला’ अशा थाटाचे. एकाच खोलीत ते जाणवत नाही. एक फेरी ४० मिलिसेकंदांची झाली आणि मेन्यू उघडायला पन्नास फेऱ्या लागल्या, की दोन सेकंद गेलेच.

टर्मिनलभाऊ, एक तक्रार. नवख्याला सरळ ‘-वाय’ सांगू नका. एक्समध्ये एका खिडकीला दुसरीपासून आडोसा नाही. ‘-वाय’नं जोडलेल्या सर्व्हरवरचा कुठलाही प्रोग्रॅम तुमच्या लॅपटॉपवरच्या बाकी खिडक्यांत टंकलेलं वाचू शकतो, बँकेच्या पासवर्डासकट. ‘-एक्स’ त्यासाठीच आहे.

टर्मिनलभाऊ | मंगळवार, सकाळी ९:४०

तत्त्वतः मान्य. पण डेबियन-उबुंटूच्या घराण्यात ‘-एक्स’ आणि ‘-वाय’ मुळात सारखेच वागतात. तिथं फॉरवर्डएक्स११ट्रस्टेड येस ठेवूनच देतात आणि मिंट त्याच घरातलं. ते नो करून खरं ‘-एक्स’ वापरलंत तर क्लिपबोर्ड चालत नाही, काही अ‍ॅपं अर्ध्यात कोसळतात, आणि २० मिनिटांनी मुदत संपली की नव्या खिडक्या उघडेनाशा होतात. सर्व्हर स्वतःचा असेल तर ‘-वाय’. परक्याच्या सर्व्हरवर दोन्ही नको.

केरी_घाट | मंगळवार, दुपारी १:२०

भाऊ, तुमचं फॉरवर्डिंग फर्मागुडीच्या लॅबमध्ये चांगलं, एकाच इमारतीत. आम्ही सत्तरीत राहतो. जूनपासून चवथीपर्यंत आमच्याकडे लाईट आणि नेट यांच्यात पैज लागलेली असते, आधी कोण जातो याची.

मूळ लेखकाला एक प्रश्न विचारायचा राहिला: लाईन तुटली तर अ‍ॅपचं काय व्हावं अशी तुमची अपेक्षा आहे? एक्स फॉरवर्डिंगमध्ये लाईन तुटली की अ‍ॅप मरतं. खिडकी गेली म्हणून नव्हे, त्याचा पडद्याशी असलेला धागाच तुटतो आणि त्याला जगायचं कसं ते शिकवलेलं नाही. अ‍ॅप टीमक्समध्ये (लाईन तुटली तरी कमांड लाईन जिवंत ठेवणारं साधन) सुरू केलं तरी वाचत नाही. कमांड लाईन जगते, खिडकी नाही. कुणी मॉश, म्हणजे तुटक्या लाईनवर तगणारा एसएसएचचा भाऊबंद, सुचवेल, पण मॉश एक्स पाठवतच नाही.

तुम्हाला हवंय एक्सप्रा. सर्व्हरवर तो एक खोटा पडदा उभा करतो, मॉनिटर नसलेला, निव्वळ मेमरीत. अ‍ॅप त्या पडद्यावर रंगतं, आणि एक्सप्रा ती खिडकी तुमच्या लॅपटॉपवर साध्या खिडकीसारखी आणून ठेवतो. लाईन गेली तर गेली. डिचोलीत पान जिथं होतं तिथंच आहे, पुन्हा जोडलं की रेघसुद्धा अर्धी ओढलेली सापडते.

दोन्हीकडे एक्सप्रा टाका. लॅपटॉपवर:

एक्सप्रा स्टार्ट एसएसएच://वापरकर्ता@सर्व्हर --स्टार्ट=स्कॅनटेलर

कंट्रोल-सी दाबलं की खिडकी निघते, अ‍ॅप चालू राहतं. परत यायला ‘स्टार्ट’च्या जागी ‘अटॅच’. अर्थात कमांड इंग्रजीतच टंकायच्या.

डिस्ट्रोच्या भांडारात एक्सप्राची आवृत्ती जुनी असू शकते. दोन्ही टोकांना फार अंतराच्या आवृत्त्या असल्या की विचित्र चुका येतात, तेव्हा प्रकल्पाच्या स्वतःच्या भांडारातून दोन्हीकडे एकच टाकलेली बरी.

मये_तळे | बुधवार, रात्री ८:५५

काल संध्याकाळी गडगडाट झाला, नेट गेलं, आणि भाऊंच्या पद्धतीनं उघडलेली खिडकी सेव्ह न केलेल्या कामासकट गेली. त्यामुळे आज तातडीनं एक्सप्रा.

जमीन-अस्मानाचा फरक आहे. पान आधी किंचित धुरकट दिसतं, हात थांबला की क्षणात स्वच्छ होतं. रेघ बाणाबरोबर येते. मुद्दाम वायफाय बंद करून बघितलं, परत जोडल्यावर सगळं जागच्या जागी.

शंका: ते धुरकट होणं मला अनुस्वार आणि शाईचे डाग यांतला फरक बघताना नडेल का?

केरी_घाट | बुधवार, रात्री ९:३०

नाही. हालचाल चालू असताना तो जेपेग, वेबपी किंवा एच२६४ सारख्या पद्धतीनं गुणवत्ता पाडून पाठवतो, थांबलात की तोच भाग मूळ गुणवत्तेत पुन्हा पाठवतो. डाग काढायचा निर्णय आपण थांबूनच घेतो. तरी मन मानत नसेल तर एन्कोडिंग पीएनजी करून बघा, हळू होईल पण एक ठिपका इकडचा तिकडे नाही.

सेशन आपोआप उठावी असं वाटत असेल तर ती वापरकर्त्याची सिस्टमडी (लिनक्समध्ये सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था) सेवा करून ‘लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर’ द्या. म्हणजे मशीन बूट झालं की कुणी आत न शिरताही ती तयार असते. लाईट जाऊन आल्यावर डेस्कटॉप आपण होऊन सुरू व्हावा ही सोय बायॉसमध्ये असते, तीही लावून घ्या. आणि तिथल्या यूपीएसची बॅटरी पावसाआधी बघा. बाकी सगळं त्यावर उभं आहे.

खिडकीवाली | बुधवार, रात्री १०:०५

मी पणजीतल्या एका सीए ऑफिसात आहे, विंडोजवाली. वाचून डोकं गरगरलं, पण प्रश्न खरा आहे. आमच्याकडेही कोपऱ्यात एक लिनक्सचा डबा आहे, त्यावर एक जुनं अ‍ॅप. मला आणि साहेबांना टर्मिनल उघडायला लावू नका. रिमोट डेस्कटॉपचं चिन्ह दाबलं आणि आत गेले, एवढंच हवंय.

टर्मिनलभाऊ | बुधवार, रात्री १०:४०

ताई, तुमच्यासाठी एक्सआरडीपी, म्हणजे विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपला (आरडीपी) लिनक्सवरून उत्तर देणारा सर्व्हर. इथं मात्र सर्व्हरवर डेस्कटॉप लागेल, हलकं एक्सएफसीई घाला. विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप ३३८९ पोर्टवर सरळ बोलतं, आवाज आणि क्लिपबोर्डही येतो. खिडकी बंद केली तरी सेशन जिवंत राहते.

एक खोडी आहे. त्याच नावानं कुणी मशीनसमोर बसून आधीच लॉगिन केलेलं असेल तर तुम्हाला काळा पडदा दिसतो किंवा आत येऊन लगेच बाहेर फेकली जाता. एका वापरकर्त्याच्या दोन ग्राफिकल सेशन भांडतात. रिमोटसाठी वेगळा वापरकर्ता करा, प्रश्न मिटतो. आणि ३३८९ इंटरनेटला उघडं ठेवू नका, दिवसरात्र त्यावर पासवर्ड घासणारे बसलेले असतात.

एखादीच खिडकी हवी असेल तर विंडोजवर मोबाएक्सटर्म घ्या, एक्स सर्व्हर त्याच्या पोटातच आहे. विंडोज ११ च्या डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) तर ग्राफिकल खिडक्यांची सोय आयतीच येते. मॅकवाल्यांना एक्सक्वार्ट्झ वेगळं घालावं लागतं.

पेडणें_एक्सप्रेस | गुरुवार, सकाळी ६:५०

कुणी व्हीएनसीचं, म्हणजे दूरचा अख्खा पडदा दाखवणाऱ्या जुन्या पद्धतीचं, नाव कसं घेतलं नाही? मी वर्षानुवर्षं तेच वापरतो. फक्त नव्या मशीनवर टायगरव्हीएनसी टाकल्यावर राखाडी पडदा आणि मधे एक्स आकाराचा कर्सर, बास.

टर्मिनलभाऊ | गुरुवार, सकाळी ९:१०

राखाडी पडदा म्हणजे व्हीएनसी व्यवस्थित चालू आहे, पण त्या पडद्यावर कुणी आलेलंच नाही. व्हीएनसीच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये कुठलं डेस्कटॉप उठवायचं ते लिहिलेलं नाही, किंवा जे लिहिलंय ते मशीनवर नाही. टायगरव्हीएनसीच्या नव्या आवृत्त्यांत वापरकर्ता आणि डिस्प्ले क्रमांक यांची जोडी /ईटीसी/टायगरव्हीएनसी मधल्या फायलीत द्यावी लागते, जुने लेख बघून लावलंत तर असंच होतं.

दुसरं म्हणजे व्हीएनसीचा जुना पासवर्ड ८ अक्षरांपुढे बघतच नाही. तुम्ही वीस अक्षरांचा ठेवा, पहिली आठ बरोबर आली की दार उघडलं. म्हणून त्याला ‘-लोकलहोस्ट’ देऊन आतल्या आत बसवा आणि एसएसएचच्या ‘-एल’नं ५९०१ या व्हीएनसीच्या पोर्टचा बोगदा काढा.

शून्य_मॉनिटर | गुरुवार, सकाळी ११:२५

सगळे खिडकी कशी आणायची ते सांगताहेत. आणायचीच कशाला, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

मी पुण्यात अशा मशीनांची देखभाल करतो. ‘सर्व्हरवर जीयूआय (खिडक्या-बटणांचा पडदा) हवा’ म्हणून येणाऱ्यांतल्या बहुतेकांना तो नको असतो. व्हर्ट-मॅनेजर (आभासी मशीनं सांभाळणारं अ‍ॅप) हवाय? तो स्वतःच्या लॅपटॉपवर चालवा आणि ‘क्यूईएमयू+एसएसएच’ च्या पत्त्यानं सर्व्हरला जोडा, खिडकी इथे आणि काम तिथे. वायरशार्क (नेटवर्कवरची ये-जा तपासणारं अ‍ॅप) हवाय? सर्व्हरवर ती ये-जा टिपणारं टीसीपीडंप लावा, त्याचं आउटपुट एसएसएचच्या पाइपमधून इथल्या वायरशार्कमध्ये ओता. राउटरचं किंवा प्रिंटरचं पान बघायला सर्व्हरवर फायरफॉक्स उघडणारे लोक मी बघितलेत. ‘-एल’ किंवा ‘-डी’ नं बोगदा काढला की तेच पान स्वतःच्या ब्राउझरात दिसतं. कोड लिहायचा असेल तर व्हीएस कोड एसएसएचवरून तिथल्या फायली उघडतं. एखादं अ‍ॅप कुणी बघणारच नाही, फक्त त्याला पडदा असल्याचा भास हवाय, तर ‘एक्सव्हीएफबी-रन’ पुढे लावा, झालं.

फायली डोळ्यांनी बघून कापायच्या असतील तरच खिडकी. मये_तळे यांचं काम तसं आहे, त्यांना सोडून बाकीच्यांना सांगतोय.

केरी_घाट | गुरुवार, दुपारी १२:०२

पुण्याहून फटकारे आले की बरं वाटतं. पण मुद्दा शंभर टक्के बरोबर.

ड्रोनवाला_वास्को | गुरुवार, सायंकाळी ५:१५

माझी केस थोडी वेगळी. सर्व्हरमध्ये एनव्हिडियाचं कार्ड आहे, ड्रोनच्या फोटोंतून थ्रीडी मॉडेल बनवतो. एसएसएचनं खिडकी आणली की ओपनजीएल (थ्रीडी रंगवायची पद्धत) नाही म्हणून अ‍ॅप मरतं, नाहीतर गोगलगाय.

शून्य_मॉनिटर | गुरुवार, सायंकाळी ६:४०

फॉरवर्डिंगमध्ये अ‍ॅप ओपनजीएलच्या सूचना तुमच्या लॅपटॉपच्या कार्डाकडे धाडायला बघतं, सर्व्हरचं कार्ड नुसतं बसून राहतं. आणि अशा सूचना नेटवर्कवरून घेणं एक्सऑर्गनं, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या एक्स सर्व्हरनं, २०१५ च्या १.१७ आवृत्तीपासून मुळातच बंद ठेवलंय. तुम्हाला व्हर्च्युअलजीएल हवं. अ‍ॅपच्या आधी ‘व्हीजीएलरन’ लावायचं: थ्रीडी सर्व्हरच्या कार्डावर रंगतं, तयार चित्र तेवढं पुढे जातं. जोडीला टर्बोव्हीएनसी घ्या, ते याच कामासाठी आहे. आवृत्ती ३ पासून ईजीएलची, म्हणजे एक्सशिवाय थेट कार्डाशी बोलायची, वाट आहे, त्यामुळे कार्डासाठी वेगळा एक्स सर्व्हर चालू ठेवायची किंवा एचडीएमआयच्या भोकात खोटा प्लग खुपसायची गरज उरत नाही.

पेडणें_एक्सप्रेस | गुरुवार, रात्री ९:२०

हे सगळं एक्सचं पुराण चाललंय, पण एक्स तर जाणार ना? एक्सची जागा घेणारं वेलँड आल्यावर या धाग्याला कोण विचारणार?

शून्य_मॉनिटर | गुरुवार, रात्री ९:५५

जाणार म्हणजे जातोच आहे. रेड हॅटनं २०२५ च्या आरएचईएल १० मधून एक्सऑर्ग सर्व्हर काढला, फक्त एक्सवेलँड (वेलँडवर एक्सची अ‍ॅपं चालवणारा पूल) ठेवलं. उबुंटूच्या २५.१० मध्ये गनोमची एक्स सेशन नाही. पण एक्सवेलँड असेपर्यंत तुमच्या वेलँडच्या लॅपटॉपवरही ‘-वाय’ची खिडकी येते. काल-परवा टाकलेल्या फेडोरावर रोज वापरतोय.

अस्सल वेलँड अ‍ॅपसाठी वेपाइप आहे. ‘वेपाइप एसएसएच’, मग सर्व्हर, मग अ‍ॅपचं नाव. दोन्हीकडे ते टाकलेलं हवं. लाईन तुटल्यावर जगण्याच्या बाबतीत मात्र मी त्याच्यावर विसंबणार नाही. आणि गनोमनं ४६ आवृत्तीत, मार्च २०२४ मध्ये, मॉनिटर नसलेल्या मशीनवर आरडीपीनं थेट लॉगिन करायची सोय दिली. खिडकीवाली ताईंना उद्या एक्सआरडीपीऐवजी तेच मिळेल.

टर्मिनलभाऊ | गुरुवार, रात्री १०:३०

एक्स मरणार हे मी फर्मागुडीला लागलो तेव्हापासून ऐकतोय. तेव्हा सांगणारे निवृत्त झाले.

मये_तळे | शनिवार, दुपारी ३:१०

परत मूळ विषयाकडे. दोन प्रश्न, मग मी धागा मोकळा करतो.

वाचनालयाच्या लाईनला सार्वजनिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता) नाही असं कळलं. सध्या ज्या मित्राच्या भाड्याच्या सर्व्हरवरून उलटा बोगदा काढलाय तो लवकरच बंद होणार. दुसरं म्हणजे ताईंनी फायलींची नावं मराठीत दिलीत, ‘दिवाळी अंक’ वगैरे. स्कॅनटेलरच्या ओपनच्या चौकटीत सगळीकडे चौकोन दिसतात.

केरी_घाट | शनिवार, दुपारी ४:००

पहिल्याचं उत्तर: टेलस्केल (मशीनांत खाजगी बोगदा जोडून देणारी सेवा) दोन्हीकडे टाका, दहा मिनिटांचं काम, राउटरला हात लावावा लागत नाही. स्वतःच्या हातात सगळं हवं असेल तर वायरगार्ड, तसाच बोगदा पण स्वतः उभारायचा. ते २०२० च्या ५.६ पासून कर्नलमध्येच आहे, पण सार्वजनिक आयपी असलेलं एक टोक कुठेतरी लागेल. एकदा हे झालं की राउटरमध्ये २२ पोर्ट बाहेर उघडायचं कारण नाही, आणि एसएसएचला पासवर्ड बंद करून फक्त किल्ली ठेवा.

दुसऱ्याचं: अक्षरं सर्व्हरवर रंगतात, तुमच्या मिंटवर नाही. मिंटवर शंभर मराठी फाँट असले तरी उपयोग नाही. सर्व्हरवर ‘फाँट्स-डेवा’ टाका, नाहीतर ‘फाँट्स-नोटो-कोअर’, मग ‘एफसी-कॅश’ चालवून अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडा. चौकोन जाऊन प्रश्नचिन्हं आली तर लोकेल (सर्व्हरची भाषा आणि अक्षरांची सेटिंग) बघा, ते यूटीएफ-८ च हवं.

खिडकीवाली | शनिवार, दुपारी ४:३५

मग टंकायचं कसं? मी एक्सआरडीपीनं आत जाते, विंडोजवर मराठी निवडते, आणि तिकडे एबीसीडीच उमटतं.

केरी_घाट | शनिवार, सायंकाळी ५:१०

आरडीपी मुख्यतः ‘कुठली कळ दाबली’ एवढंच पाठवतं, अक्षर नाही. तुमच्या विंडोजनं त्या कळीचं क केलं की ख, हे तिकडे पोचतच नाही. त्यामुळे मराठी सर्व्हरच्या डेस्कटॉपमध्येच लावा: एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये इन्स्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड जोडा, नाहीतर आयबस (उच्चारानुसारही टंकू देणारं साधन) टाका. विंडोजवर तेव्हा इंग्रजीच ठेवायचं, दोन्हीकडे मराठी ठेवलं तर गोंधळ.

एसएसएचच्या फॉरवर्डिंगमध्ये उलट आहे. तिथं पडदा आणि कीबोर्ड दोन्ही लॅपटॉपचे, म्हणून मिंटवर लावलेला इन्स्क्रिप्ट लेआउट सरळ चालतो. पण आयबसमधून उच्चारानुसार टंकणारे असाल तर क्यूटीच्या अ‍ॅपमध्ये ते पोचणार नाही, कारण एक्सवरून टंकलेलं पोचवणाऱ्या जुन्या एक्सआयएमचा आधार क्यूटी ५ पासून काढून टाकलाय. एक्सप्रात आयबस सर्व्हरवरच्या सेशनमध्ये चालवून बघा.

मये_तळे | रविवार, सकाळी १०:२०

फाँट टाकला, नावं दिसली. नावं बदलायला इन्स्क्रिप्ट पुरतो, मला तोच येतो.

ताईंनाही घरून थोडं काम करायचंय आणि त्यांच्याकडे विंडोजचा लॅपटॉप आहे, त्यावर काही घालायची त्यांची इच्छा नाही.

केरी_घाट | रविवार, सकाळी ११:०५

एक्सप्राचा ब्राउझरमधला क्लायंट आहे. सर्व्हरवर सेशन सुरू करताना ‘--बाइंड-टीसीपी’ला १२७.०.०.१:१४५०० द्या. त्यांच्या विंडोजमध्ये एसएसएच आयतंच असतं, त्यानं १४५०० चा बोगदा काढून द्या आणि तेवढी एक ओळ बॅच फायलीत घालून डेस्कटॉपवर ठेवा. ती फाईल उघडायची, मग ब्राउझरात लोकलहोस्ट:१४५०० चा बुकमार्क. त्या सेशनला त्यांचा वेगळा वापरकर्ता असू दे, नाहीतर तुम्ही कडा कापत असताना त्यांचा बाण तुमच्या पानावर फिरायला लागेल.